पळपुट्याची तपासणी

“तुमच्या कंपनीला माणूस मेलेलाच परवडतो!”

विमा कचेरीच्या खिडकीशी अग्निशमन दलातला एक जवान बायकोला सोबत घेऊन कारकुनाशी भांडत होता. रांगेत मागे उभ्या असलेल्या शिक्षिकेने कान टवकारले. तिचा नंबर लांब होता, आणि फुकटची करमणूक कोण सोडतं?

“साहेब, आतड्याच्या कॅन्सरची ही रक्तचाचणी नवीन आहे. दुर्बिणीच्या तपासणीइतकी भरवशाची ठरलेली नाही. दुर्बिणीचा खर्च देतो की आम्ही.”

“मंजूर केला होता हो त्यांनी,” बायको म्हणाली. “दोनदा. दोन्ही वेळा हेच टेबलावरून पळाले.”

“अगं, हळू बोल.”

“कशाला हळू? जळत्या घरात बेधडक शिरतात, आणि बोटभर नळी बघून गाळण उडते! दुसऱ्या वेळी तर दवाखान्याच्या झग्यातच टॅक्सीत बसले. मागून सगळा उघडा!”

“बसलो. वाघच आहे मी, फक्त पुढच्या बाजूने. पण माझे दोघे थोरले भाऊ याच दुखण्याने गेले. तेही दुर्बिणीला भ्याले. घराण्याची परंपरा आहे आमच्या.”

कारकुनाने फाइल उघडली.

“साहेब, आमच्या समितीने दोन्ही चाचण्या ताडून बघितल्यात.”

“बघितल्या असतील. दुर्बिणीपेक्षा ही कमी, मान्य. पण माझ्यासारखा भित्रा दुर्बिणीकडे जाणारच नाही. मग काहीच न करण्यापेक्षा ही बरी की नाही, हे तुमच्या समितीत कुणी बघितलं? सांगा ना. उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलत नाही.”