निळी शीर

— नाही ताई, तो दोर आमचा नाही, ऑफिसात सांगितलं ना तुम्हाला, मग पुन्हा माझ्याकडे कशाला — बरं, बसा. त्या भेंडोळ्यावर नको, टोचेल, स्टुलावर बसा. मी इथला नुसता मुकादम, ऑफिसच्या वर मी काय बोलणार? फार दुखतंय का तुमच्या यजमानांना? कंबरच ना? — हं. तिसऱ्या मजल्यावरून पडून जीव वाचला हेच — जाऊ दे, असं म्हणू नये.

समजून घ्या जरा. आमची खूण म्हणजे निळी शीर. आजची नाही, नव्वद वर्षांची. मालकांच्या आजोबांनी काढली. तेव्हा कुणाचाही दोर तुटला की लोक यांच्याच दारात आणून टाकायचे, तुमचाच म्हणून. म्हातारा वैतागला, त्यानं दोर वळतानाच एका पेडाच्या पोटात निळा धागा घातला — या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेरून दिसायचा नाही, कापला की दिसणार. पुढं एकानं हुबेहूब आमचं लेबल छापलं, कोर्टकचेरी झाली, तेव्हा माझ्या वडिलांनी जजसाहेबांसमोर दोन्ही दोर कापले. एकात शीर, दुसऱ्यात नाही. पाच मिनिटांत निकाल — म्हणजे वडील तसं सांगायचे, लागली असतील पाच वर्षं.

आता तुमचा तुकडा — द्या इकडे. हे तुटलेलं टोक. आहे निळं? नाही. मग आमचा नाही, विषय संपला. — काय? दुसरं टोक? दाखवा. — हं. इथं आहे. असेल, नकली माल करणारे काय कमी हुशार असतात? गिऱ्हाईक टोकच कापून बघतं, मग टोकालाच घालायचा. दाभणात धागा ओवायचा, पीळ सैल करायचा, आत सारायचा — हातभर जातो, पुढं दाभण अडतं, बोटं सोलून निघतात, दिवसाला चाळीसच्या वर टोकं होत नाहीत —

काय बघताय? ऐकीव आहे सगळं. — बोटं? ती कामानं झालीत. एकतीस वर्षं दोर वळतोय, बोटं काय मऊ राहणार?

— कंत्राटदार तुमच्या यजमानांनाच दोष देतोय? नकली दोर उचलला म्हणून? आणि ते काय म्हणतात? — लेबल बघून घेतला. आमचं. हं.

मागच्या वर्षी माल कमी पडला, ताई. बाहेरून तयार दोर आला — हलका, वरून गुळगुळीत, आत सगळा भुगा. मालक म्हणाले, एवढी एकच खेप. मी म्हटलं, गठ्ठे बांधायला जाईल, याला माणूस थोडाच लटकणार आहे — मालक बोलले नव्हते तसं, मीच माझ्या मनाला सांगितलं. एक कसली, सात खेपा झाल्या. दार लावून आम्ही दोघं — नाही, दुसऱ्याचं नको, त्याची पोरं लहान आहेत. टोकांना धागा मी घातला. एकट्यानं. तक्रारीत असं लिहा.

तुकडा इथं ठेवू नका. ऑफिसात तर देऊच नका, तपासायला म्हणून मागतील, परत मिळायचा नाही. सरळ चौकीवर जा, दोन्ही टोकं त्यांच्यासमोर उलगडा, मग मला बोलवायला सांगा. — नंतर नाही म्हणेन का? काय सांगू. आत्ता तरी म्हणणार नाही असं वाटतंय. म्हणून आजच जा, उद्याचा माझा भरवसा नाही.

उठा. भोंगा झाला.