फ्रीजमधलं इन्शुलिन

(सावदा. गल्लीतलं बैठं घर, दुपार कलती. ओसरीवर घरमालकीण धापूबाई, शेजारची सुगंधाबाई आणि गल्लीतल्या आजाऱ्यांची विचारपूस करणारी सरकारी आरोग्यसेविका, आशाताई कामिनी. कामिनीजवळ झाकण घातलेलं एक मातीचं मडकं.)

धापूबाई: ...आणि जाणता-अजाणता माझ्याकडून काही चूक झाली असेल, तुझं मन दुखावलं असेल, तर खमतखामणा, माफ कर, बाई.

सुगंधाबाई: असू द्या, भाभी. दर वरशी तुमी म्हनता, अन् दर वरशी मी 'बरं' म्हनते.

धापूबाई: या वर्षी उशीर झाला. पर्युषण आटोपून धरणगावहून आले, तर तुझ्या दाराला कुलूप. गल्लीत विचारलं तर म्हणे, सुगंधाला जळगावला दवाखान्यात नेलं. काय झालं होतं एवढं?

सुगंधाबाई: शुगर वाढेल व्हती.

धापूबाई: म्हणजे इंजेक्शन चुकवलंस. मी नव्हते ना राखणीला.

सुगंधाबाई: एक बी चुकवलं न्हाई. घराची किल्ली तुमी देयेलच व्हती. सकाय-संध्याकाय तुमच्या फ्रीजमधून बाटली काढे, अन् अभयकुमारच्या मेडिकलच्या ओट्यावर जाऊन उभी राहे. गिऱ्हाईक सरलं की मंग तो माह्याकडं पाहे अन् सुई भरून दे.

धापूबाई: मग खाण्यात आलं काहीतरी. केळी खाल्ली असशील. तुझा काही भरवसा नाही.

सुगंधाबाई: केयीच्या गावात राहून केयी खाल्ली तं गुन्हा झाला का? पन न्हाई खाल्ली. तुमची शपथ.

धापूबाई: माझी शपथ घेऊ नकोस, आम्हाला चालत नाही.

कामिनी: सुगंधाअक्का, मला अजून तीन घरं करायची आहेत. ती जुनी बाटली घेऊ या ना.

धापूबाई: कुठली बाटली?

कामिनी: फ्रीजमध्ये एक राहिली आहे ना, आजी. ती मी घेऊन जाते.

धापूबाई: ती का? ती तर भरलेली आहे. सील पण फोडलेलं नाही.

सुगंधाबाई: आता नवीन भेटली, भाभी. जयगावच्या डाक्टरनं देली.

धापूबाई: नवीन मिळाली म्हणून भरलेली टाकायची? विसरलीस का, सरकारी दवाखान्यात किती हेलपाटे घातलेस तेव्हा दोन बाटल्या हातात पडल्या? आज स्टॉक नाही, उद्या साहेब नाहीत. रडत आली होतीस. ठेव नवीन पण इथंच. जागा काय कमी आहे?

कामिनी: नवीन बाटली या मडक्यात राहील, आजी. आत लहान मडकं आहे, मधे ओली वाळू. चालू बाटली यात महिनाभर चांगली राहते. बंद बाटल्या दवाखान्यातच ठेवायच्या. दर महिन्याला एक मी आणून देत जाईन. अक्कांना कुठं जायला नको, कुणाचं दार वाजवायला नको.

धापूबाई: कुणाचं म्हणजे? माझं दार 'कुणाचं' झालं का?

सुगंधाबाई: तसं न्हाई म्हनत ती.

धापूबाई: मडक्यात औषध! पाणी शिरलं तर? मांजर लवंडून गेलं तर? सुगंधा, मला खरं सांग, माझं काही चुकलं का? पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, यात जनावराचं काही नाही ना, त्याचा राग अजून आहे का? अभयकुमारनं सांगितलं, आता प्रयोगशाळेत करतात, त्यानंतर मी चकार शब्द काढला नाही. स्टीलचा वेगळा डबा दिला.

सुगंधाबाई: राग कशाचा, माय.

धापूबाई: माझा मुलगा सुरतहून फोनवर म्हणतो, आई, एकटीला कशाला लागतो फ्रीज, बंद कर. मी त्याला सांगते, नाही रे बाबा, त्यात सुगंधाचं औषध आहे. मग तो म्हणतो, बरं, राहू दे. त्यात आहे काय दुसरं? पातेलंभर दूध. चौमासात आम्हाला हिरवी भाजी पण चालत नाही.

सुगंधाबाई: भाभी, मी म्हातारी झाली आता. दोनदा येनं होत न्हाई.

धापूबाई: मधे भिंत आहे फक्त, भिंत! आणि तुझ्या औषधाची काळजी मी किती घेते, ते या कामिनीला सांग. धरणगावला जाताना वाटलं, इथं लाइटचा काही नेम नाही, आठ दिवसांत बाटल्या नासतील. म्हणून दोन्ही बाटल्या उचलून वर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. अगदी आत, मागे. लाइट गेली तरी गारवा राहावा. एवढं कोण करतं?

कामिनी: आजी...

सुगंधाबाई: कामिनी, तुले काय सांगेल व्हतं मी?

धापूबाई: काय सांगितलं होतं?

सुगंधाबाई: काही न्हाई. तिले सांगलं, मडकं नीट धर.

धापूबाई: माझ्या घरात बसून माझ्यापासून लपवता? बोल गं.

कामिनी: आजी, इन्शुलिन गोठलं की वाया जातं. अक्का मेडिकलच्या ओट्यावर थांबायच्या तोवर बर्फ वितळायचा; मग बाटली दिसते नेहमीसारखी, पण तिच्यात गुण राहत नाही. अक्का आठ दिवस तेच टोचून घेत होत्या. जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, बाटली कुठं होती, तेव्हा कळलं.

सुगंधाबाई: झालं समाधान? लय मोठी आशाताई!

कामिनी: मग ती दुसरी बाटली वापरली असती तर, अक्का?

धापूबाई: आठ दिवस.

सुगंधाबाई: भाभी, बसा खाली.

धापूबाई: मी तिकडं उपास करत होते. मुंगी मरू नये म्हणून पाहून पाऊल टाकत होते. आणि इकडं तुला...

सुगंधाबाई: मेली न्हाई मी. समोर बसेल हाये. पानी प्या.

धापूबाई: तुला माहीत होतं. माहीत असून तू मघाशी 'बरं' म्हणालीस.

सुगंधाबाई: मंग काय म्हनू? जानूनबुजून केलं का तुमी? मले बी वाटे, बर्फात ठेवेल हाये म्हंजे चांगलीच राहीन. दोघी सारख्याच शहान्या.

धापूबाई: घेऊन जा. स्टीलच्या डब्यातच आहे, वर. डबा पण ने. मला नको तो घरात.

कामिनी: मी काढते, आजी. तुम्ही उठू नका.

सुगंधाबाई: अन् सुईचं काय?

धापूबाई: कसलं सुईचं?

सुगंधाबाई: मडकं बाटली सांभायीन. सुईवरच्या रेघा कोन वाचीन? माह्या एका डोयात मोतीबिंदू, दुसऱ्यात धुकं. दोन वरसं तुमीच भरता. ही कामिनी रोज दोनदा यीन का?

कामिनी: नाही हो. मला अख्खा वॉर्ड आहे.

धापूबाई: मी आता सुईला हात लावणार नाही. अभयकुमारकडं जा.

सुगंधाबाई: त्याच्या ओट्यावर परत उभी राहू? लोक खोकल्याची गोयी घेऊन जातात अन् मी तठी भिकारनीसारखी हात पसरून उभी. त्यापरीस न्हाई घेत मी इंजेक्शन.

धापूबाई: सुगंधा!

सुगंधाबाई: खरं सांगते. आजच्या संध्याकायचं बी राहू द्या.

धापूबाई: धमकी देतेस?

सुगंधाबाई: धमकी न्हाई. माह्या घरात दुसरं कोनी नजरवालं हाये का, तुमीच सांगा.

धापूबाई: एक रेघ इकडची तिकडं झाली तर?

कामिनी: आजी, भरून झाली की परत एकदा वाचायची, मोठ्यानं. अक्कांना पण आकडा पाठ आहे. चुकला तर त्या ओरडतील.

सुगंधाबाई: ओरडीन. त्याची चिंता नका करू.

धापूबाई: म्हणजे मडकं तुझ्या घरात आणि यायचं मी?

सुगंधाबाई: भिंतच तं हाये, तुमीच म्हनल्या.

धापूबाई: तुझ्या घरात कांदा-लसूण. मी तिथं पाणीसुद्धा पीत नाही, तुला माहीत आहे.

सुगंधाबाई: पानी नका पिऊ. चष्मा घेऊन या, झालं.

कामिनी: मग मी निघू? मडकं अक्कांच्या ओट्यावर सावलीत ठेवून जाते.

धापूबाई: थांब, मी येते पाहायला. वाळू ओली आहे ना नीट? सुगंधा, संध्याकाळी किती वाजता येऊ?

सुगंधाबाई: दिवस मावयायच्या आत तुमाले जेवाचं राहते. आधी जेवन उरकून घ्या, मंग या.

धापूबाई: एकटीचं जेवण, बाई. त्याला कितीसा वेळ लागतो.