जानरावांचे तीन सेकंद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले विद्यमान प्राचार्य, माझे जुने सहकारी प्राध्यापक केशवराव बोंडे, आजचे सत्कारमूर्ती श्री. जानराव खंडारे, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी सौ. इंदूबाई, प्राध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रहो,

अकोल्याच्या या सभागृहात मी प्राचार्य म्हणून अकरा वर्षं बोललो. निवृत्त माणूस म्हणून आज पहिल्यांदाच उभा आहे. आता माझी कुणाला भीती उरलेली नाही, हे मागच्या बाकांवरून ऐकू येतंच आहे. चालू द्या.

जानराव सव्वीस वर्षं आपल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सेवक होते. तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातून चौथी शिकून आले. काचसामान पुसणं, बॅटऱ्या भरणं, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला किल्ली देणं, ही त्यांची कामं. निरोपाच्या भाषणात एवढं सांगून हार घालता येतो. पण दोन वर्षांपूर्वीच्या, म्हणजे सदुसष्ट सालच्या मे महिन्यात जे घडलं, ते सांगितल्याशिवाय हार घालणं मला प्रशस्त वाटत नाही.

त्या वर्षी परदेशातल्या एका संस्थेनं दळणवळणाचा एक उपग्रह आकाशात सोडला. तो खूप उंचावर जाऊन पृथ्वीबरोबर फिरायचा होता, म्हणजे त्याच्यामार्फत एका खंडातला माणूस दुसऱ्या खंडातल्या माणसाशी टेलिफोनवर बोलू शकला असता. पण शेवटचं इंजिन पेटलं नाही आणि तो भलत्याच लांबट कक्षेत अडकला. बारा तासांत एक फेरी. एका टोकाला फार दूर जायचा आणि दुसऱ्या टोकाला इतका खाली यायचा, की वरची विरळ हवा त्याला दर फेरीला घासायची. असंच चाललं तर काही आठवड्यांत तो जळून जाणार होता. त्याला सरळ करण्यासाठी थोडासा गॅस शिल्लक होता. तो नेमक्या क्षणी, नेमक्या दिशेनं सोडला तरच उपयोग. चुकला तर दुसरी संधी नाही.

आता यात अकोल्याचा काय संबंध, असं आपण विचाराल. मीही विचारलं होतं. तो खाली यायचा ते दर दुपारी आपल्या वऱ्हाडावर, आणि इथं त्याचा आवाज ऐकणारं त्या संस्थेचं एकही केंद्र नव्हतं. केशवरावांनी मोडीतल्या सामानातून एक रेडिओ-यंत्र जुळवलं होतं आणि त्याविषयी एका परदेशी मासिकात टिपण लिहिलं होतं. त्यावरून संस्थेची तार आली: उपग्रहाची शिट्टी ऐका, तिचा सूर कोणत्या सेकंदाला उतरतो ते कळवा. आगगाडी जवळून निघून जाताना तिच्या शिट्टीचा सूर उतरतो, तसाच. सूर उतरतो तो क्षण म्हणजे उपग्रह सर्वांत जवळ आल्याचा क्षण.

नऊ दिवस केशवरावांनी कानाला यंत्र लावून वेळा नोंदवल्या आणि तारेनं पाठवल्या. नागपूरच्या वर्तमानपत्रात बातमी आली. महाविद्यालयाचं नाव आलं, केशवरावांचं आलं, माझंही आलं. मी ते कात्रण जपून ठेवलं, खोटं कशाला बोलू?

दहाव्या दिवशी सकाळी जानराव केशवरावांपुढे उभे राहिले. पुढचं संभाषण मला केशवरावांनीच सांगितलं.

"सर, घड्याळ दुपारी मांगं पडून राह्यलं."

"किती?"

"तीन सेकंद. कधी अडीच."

झालं होतं असं. रेडिओ-यंत्राचा आकाशक, म्हणजे एरियलची तार, खिडकीतून आत घ्यायचा म्हणून तिथली वाळ्याची ताटी काढली होती. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन खोलीत शिरलं. लंबकाची पितळी दांडी उन्हानं लांबते, लांबली की घड्याळ मंद चालतं. हे केशवराव दर वर्षी वर्गात शिकवत. पण घड्याळ लावायचे सकाळच्या आकाशवाणीच्या ठोक्यांवर, आणि दुपारी पुन्हा ताडून पाहत नव्हते. जानराव मात्र दुपारच्या बातम्यांआधीचे ठोके रोज ऐकत होते.

"मंग काहून नाही सांगितलं बाप्पा इतके दिवस?" केशवरावांनी विचारलं.

"तुमीच म्हनलं होतं, हे काम चालू हाये तवर घड्याळाले हात लावू नको. मी हात नाई लावला. लिवून ठेवलं. मले वाटलं, तुमी हिशेबात धरत असान."

त्यांच्या वहीत नऊही दिवसांचा फरक होता. तीन सेकंद म्हणजे किती? उपग्रहाच्या वेगानं जाणारी वस्तू तेवढ्यात जवळजवळ वीस मैल पुढं जाते. आणि गॅस सोडायला दोनच दिवस उरले होते.

दोघे वही घेऊन माझ्याकडे आले. चूक कबूल करणारी तार महाविद्यालयाच्या नावानं पाठवायची होती. मी नाही म्हणालो. कात्रण माझ्या टेबलावरच होतं. जगभर हसं होईल, तिथले लोक इतर ठिकाणांहूनही वेळा घेत असतील, आपली चूक आपोआप निघून जाईल, असं बरंच काही मी बोललो. केशवराव मान खाली घालून उभे होते. जानराव दारापाशी होते. ते म्हणाले, "आपलं नाव जाईन सर, ते पुन्हा येईन. त्याईचा गॅस गेला तं पुन्हा नाई येनार."

मी मूळचा साताऱ्याकडचा. इथली बोली मला पहिल्यापासून रोखठोक वाटत आली. त्या दिवशी मी तिला उद्धटपणा म्हटलं आणि जानरावांना बाहेर जायला सांगितलं.

केशवरावांनी तार स्वतःच्या नावानं लिहिली. जानराव ती घेऊन भर दुपारी तारघरात पायी गेले. खिडकीतून मी त्यांना जाताना पाहिलं. अडवलं नाही, एवढंच माझं कर्तृत्व.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दुरुस्ती मिळाली, गॅस सोडणं पुढं ढकललं, नवं गणित मांडलं. पुढच्या तीन आठवड्यांत थोडा थोडा गॅस सोडून त्यांनी उपग्रहाचं खालचं टोक हवेच्या वर उचललं. ठरलेल्या जागी तो पोचला नाही, तेवढा गॅसच नव्हता. पण तो वाचला, आणि दिवसातले काही तास त्याच्यामार्फत टेलिफोन चालतात. संस्थेनं पत्रात लिहिलं की जुन्याच वेळांवर भिस्त ठेवली असती तर तो धक्का वाया गेला असता.

इंदूबाई काल मला म्हणाल्या, तारेचं उत्तर येईस्तोवर हे नीट जेवले नव्हते. विचारलं तर म्हणायचे, "दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून बिघडू नाई." उत्तर आल्याचं केशवरावांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता ताटी लावू का?"

आभाराचं पत्र केशवरावांच्या नावानं आलं होतं. त्यांनी उलट टपाली जानरावांचं नाव कळवलं. त्या वर्षीच्या महाविद्यालयाच्या अहवालात या कामगिरीवर दीड पान आहे. त्यात तार नाही, वही नाही, जानराव खंडारे हे नाव नाही. तो अहवाल मी लिहिला.

समारंभाच्या संयोजकांचा मी ऋणी आहे. त्यांनी मला चार शब्द बोलायला बोलावलं, मी चारशेवर गेलो. आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आपलाही आभारी आहे. आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं उदार मनानं पोटात घालावं. त्या दीड पानाबद्दल मात्र सभागृहाकडे माझं मागणं नाही. त्याची क्षमा मला जानरावांकडे मागायची आहे. ती द्यायची की नाही, हे त्यांनी सावकाश ठरवावं.

नमस्कार.