सतरंजीखालची माती

जमलेल्या सगळ्या मंडळींना माझा नमस्कार.

बसा, बसा. उठू नका. आणि एक विनंती पहिल्यांदाच करतो, नाहीतर मागनं विसरीन. पाय फार हलवू नका. बसलाय तसे बसा. सतरंजीखालची माती दाबू नका. का, ते सांगतो. त्यासाठीच उभा राहिलोय. नाहीतर मला माईकसमोर कोण उभं करणार? मी शेजारचा गिरणीवाला. सातवीत शाळा सुटली आणि पुढं सगळं आयुष्य गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात ओरडून बोलण्यात गेलं. शोकसभेत बोलायची मला सवय नाही. 

माझ्या आधी डेपोतले साहेब बोलले, तालमीतली मंडळी बोलली. महादेवनं एसटी कधी कुठं ठोकली नाही, ड्यूटीवर कुणाला उलट बोलला नाही. सगळं खरं आहे. पण मला त्या बोलण्याकडं लक्षच देता येईना. मी सारखा तुमच्या पायांकडं बघत होतो.

मंडळी, तुम्ही ज्याच्यावर बसलाय ती महादेवच्या कुंड्यांतली माती आहे. त्या मातीत त्याच्या वेलींचे कंद आहेत. जिवंत आहेत का नाहीत, मला माहीत नाही. पण आहेत. उद्या सकाळी ह्या अंगणात फरशी बसणार. येताना दारात वाळूचा ढीग बघितला असेल. म्हणजे आपल्या हातात आजची संध्याकाळ आहे. एवढीच.

माझी घाई झाली. नीट सांगतो.

महादेव चंदगडची गाडी चालवायचा. बरीच वर्षं. त्या बाजूला पाऊस किती, झाडी किती, तुम्हाला माहीत आहे. दुसरे ड्रायव्हर तिकडनं काजू आणायचे. हा झाडं आणायचा. वाऱ्यानं फांदी पडली की तिच्यावर चिकटलेली सीतेची वेणी, ते झाडावरच वाढणारं फुलझाड, घेऊन यायचा, आणि ती ह्या आंब्याच्या खोडाला सुतळीनं बांधायचा. स्टेअरिंगच्या मागं, सीटखाली, पायाजवळ, सगळीकडं झाडं. एकदा कंडक्टर त्याला म्हणाला होता, ड्रायव्हर, ह्यांचं अर्धं तिकीट फाडू का पुरं?

कंदीलपुष्प त्यानं असंच आणलं. नाजूक वेल, दोऱ्यासारखी. फूल बोटाएवढं. खाली फुगीर, वर नळी, आणि पाकळ्यांची टोकं वर जुळलेली, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी. एका डोंगराच्या उतारावर ते उगवायचं. मग रस्ता रुंद करायला तो उतार खणून काढला. महादेव रोज त्याच रस्त्यानं गाडी नेत होता. एके दिवशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि उलथलेल्या मातीत जाऊन बसला. गाडीतली माणसं वैतागली. एकजण म्हणाला, अहो ड्रायव्हर, तिकडं लग्न लागायला आलंय, आणि तुम्ही बटाटं काय काढताय? महादेवनं टोपीत सापडले तेवढे कंद गोळा केले आणि मगच गाडी सोडली. आता तो उतार नाही. दुसरीकडं कुठं असतील तर असतील. पण त्या उतारावरचे जे काही उरले होते, ते ह्या दारातल्या कुंड्यांत होते.

पहिलं फूल आलं तेव्हा मला गिरणीतनं हाताला धरून ओढत आणलं. माझ्या भुवयांवर पीठ, अंगावर पीठ. म्हणाला, शिंकू नको, नुसतं बघ. एक चिलटासारखी माशी त्या नळीतनं आत गेली. आत बारीक केस असतात, खाली वळलेले. माशी आत जाते, पण तिला वर येता येत नाही. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, महादेवा, हे काय रे, घरी फास लावलास? तो हसला.

"फास न्हाय रं. ही मुक्कामी गाडी हाय. संध्याकाळी आत, सकाळी भायेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत नेऊन दाखवलं. आतले केस वाळून मऊ पडले होते, आणि माशी बाहेर येऊन पाकळीवर पाय पुसत बसली होती. धडधाकट. अंगाला पराग लागलेला. महादेव म्हणाला, आता ही पुढच्या स्टँडवर जाईल. आणि खरंच, पुढच्या कुंडीवर गेली.

मी जन्मात माशीकडं बघितलं नव्हतं. गिरणीत माशी म्हणजे फडकं मारायची वस्तू. त्यानंतर माझा हात थांबायला लागला.

वर बघा जरा. आंब्यावर ते बांडगूळ दिसतंय? शेतकऱ्याच्या पोरानं बांडगूळ राखलं, असं तुम्ही कुठं ऐकलंय? सगळी गल्ली हसायची. आमचे दूधवाले एकदा दारातनंच ओरडले, "ड्रायव्हर, झाडावर पोटभाडेकरू ठेवलाईस व्हय?" महादेव म्हणाला, "भाडं देतंय की. थांबा पावणं, घेऊनच जावा." आणि त्यांना खाटेवर बसवून घेतलं. थोड्या वेळानं शिंजीर आली. एवढंसं पाखरू, उन्हात निळं-जांभळं चमकणारं. बांडगुळाच्या लाल फुलांत बाकदार चोच घालून मध प्यायली. तिच्या मागनं फुलटोचा, तसलंच बारकं पाखरू, आला. त्यानं बांडगुळाचं फळ खाल्लं आणि चिकट बी फांदीला पुसून टाकलं. दूधवाल्यांच्या किटलीतलं दूध तापायला लागलं तरी ते उठेनात. ते आज इथंच बसलेत. खोटं असेल तर सांगा.

तर असा माणूस. ह्या वैशाखात, रोजच्यासारखा स्टुलावर बसून कुंड्यांकडं बघत असताना, बसल्या जागी गेला. शालूवहिनी चहा घेऊन आल्या, तर मान कलंडलेली.

आता जे सांगायचं आहे ते अवघड आहे. वहिनी आत उंबऱ्याजवळ बसल्यात. मी त्यांना विचारूनच बोलतोय. सकाळी विचारलं, बोलू का? त्या म्हणाल्या, बोला.

कंदीलपुष्पाची वेल उन्हाळ्यात दिसत नाही. दिवाळीनंतर वाळते, गळून जाते आणि कंद मातीत झोपतो. कुंडी रिकामी दिसते. अगदी रिकामी. माती कोरडी, वर एक काडी नाही. महादेव त्या रिकाम्या कुंड्यांजवळ स्टूल टाकून बसायचा, तेव्हा मी सुद्धा म्हणायचो, बाबा, कशाची राखण करतोस? म्हणायचा, झोपलेल्या पोराजवळ बसत न्हाईस व्हय तू?

रक्षाविसर्जनाच्या दिवशी आम्ही सगळे नदीवर गेलो होतो. महादेवचा पुतण्या तानाजी, मुरगूडचा, घरी थांबला होता. त्याला कुणी बोलू नका. ऐकताय का? कुणीही बोलू नका. आला तसा तो पोरगा बसलेला नाही. शेतातला माणूस, दुःख झालं की हाताला काम लागतं. त्यानं पाणी भरलं, मांडव घातला, लोकांना बसायला अंगण सपाट करावं म्हटलं. अंगणात खड्डे होते, आणि भिंतीकडेला रिकाम्या कुंड्यांची रांग होती. त्यानं वहिनींना विचारलं सुद्धा. काकी, ह्या रिकाम्या कुंड्यांतली माती खड्ड्यात घालू का?

वहिनींनी मान हलवली, हो म्हणून.

मंडळी, नवरा जाऊन तिसरा दिवस. त्या बाईला कुणी विचारलं असतं, घराला आग लावू का, तरी तिनं मान हलवली असती. तिला ऐकू येत होतं का काही? पण तिनं मान हलवली. आणि त्यानं कुंड्या उलथ्या केल्या, माती पसरली, पाणी मारलं, पायानं चोपली. चांगलं काम केलं. नीट केलं. बांडगूळ सुद्धा काढणार होता, पण कोयता पोचला नाही.

आम्ही नदीवरनं आलो तर कुंड्या भिंतीला पालथ्या घातलेल्या. वहिनी उंबऱ्यावर आल्या, त्यांनी कुंड्या बघितल्या. मग मला म्हणाल्या, फक्त मला, बाकी कुणाला नाही:

"भावजी, ह्ये गेलं, ते माझ्या हातात नव्हतं. पर ह्येंच्या कुंड्या माझ्या दारात हुत्या."

तेव्हापासून, आज सकाळचं ते एक ‘बोला’ सोडलं, तर त्या दुसरं काही बोललेल्या नाहीत. घास तोंडात घेतात आणि तसाच धरून बसतात. तानाजीनं पाय धरले. काकी, मला माहीत नव्हतं. त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, पण तोंडातनं शब्द निघत नाही. त्याच्यावर त्यांचा राग नाहीच. राग स्वतःवर आहे. त्या मान हलवण्यावर आहे. आता हे ओझं कसं उतरवायचं? मी सांगून बघितलं, वहिनी, तुमची चूक नाही. सांगून उतरतं का हो असलं काही? मला तरी माहीत नाही.

मी रोज पहाटे काठी घेऊन यायचो आणि सतरंजीची कड उचलून माती उकरायचो. गुडघा वाकत नाही. एका अंगावर आडवा होऊन उकरायचो. मग माणसं यायला लागायची. दुखवट्याला आलेली माणसं, लांबनं आलेली, पेठ वडगावहून आलेली. त्यांना उठा कसं म्हणायचं? ती बसायची, रडायची, चहा घ्यायची, आणि मला वाटायचं आता फुटला असेल एखादा. आता त्या पावण्याच्या टाचेखाली. आता त्या बाईच्या पाटाखाली. लोक महादेवच्या आठवणी सांगायचे आणि मी त्यांच्या मांड्यांकडं बघायचो. मला वेडा म्हणा. म्हणा खुशाल.

एक सापडला. ओल्या फडक्यात बांधून घरी ठेवलाय. पण तो कंदीलपुष्पाचाच आहे का, ते मला कळत नाही. मऊ लागतोय. कुजला की काय? सारखा उघडून बघतो, आणि बघून बघूनच मारीन अशी भीती वाटते. तो वहिनींना द्यायची माझी छाती होत नाही. दिला, त्यांनी लावला, पाऊस झाला आणि काहीच वर आलं नाही, तर? दुसऱ्यांदा त्या कशा सोसतील?

उद्या वहिनी तानाजीबरोबर मुरगूडला जाणार. कायमच्या. एकटीनं इथं कसं राहायचं, बरोबरच आहे. घर भाड्यानं दिलंय. नवीन माणसाचा टेम्पो आहे, त्याला अंगणात फरशी पाहिजे. त्याचंही बरोबर आहे. मी त्याला म्हटलं, चार दिवस थांबा. तो थांबायला तयार होता. पण गवंडी म्हणतो, पावसाच्या आत माझी दुसरी कामं आहेत, उद्या नाहीतर दिवाळीनंतर. सगळ्यांचंच बरोबर आहे, मंडळी. ह्यात चुकलेला माणूस मला एकसुद्धा सापडत नाही. आणि तरी उद्या सकाळी ह्याच्यावर दगड बसणार. खाली कोंब फुटला, तरी त्याला वर यायला वाट मिळणार नाही.

मी काय करू? माझ्या एकट्याच्यानं होत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघा असला. अंगण एवढं मोठं. मी रात्री देवाला सांगितलं, सकाळी गवंड्याला सांगितलं, आता तुम्हाला सांगतोय. तुमच्यानंतर सांगायला माझ्याकडं कोणी नाही.

सभा संपली की फोटोला फुलं वाहायला तुम्ही रांग लावाल. ती ताटातली फुलं आज राहू देत. उभं राहून दोन मिनिटं शांत राहायचं, असा रिवाज आहे. मला तो मोडायचा नाही. पण आज उभं राहू नका. आज वाकून शांत राहूया. आपापल्या पुढ्यातली एवढी एवढी माती बोटांनी मोकळी करा. फावडं नको, खुरपं नको, बोटंच. चपटा, लहान बटाट्यासारखा, मातीच्याच रंगाचा असतो. खडा वाटेल. खडा म्हणून टाकू नका. नखानं खरवडू नका. शंका आली तरी बाजूला ठेवा. चुकून दहा खडे आले तर येऊ देत. सापडला तर ओरडू नका, मला हाक मारू नका. उठायचं, उंबऱ्याशी जायचं, आणि वहिनींच्या हातात ठेवायचा. काही बोलायचं नाही. बोलून काही होत नाही, ते आम्ही बघितलंय.

तानाजी, तू मान खाली घालून बसू नकोस. तुझी बोटं आमच्यापेक्षा मातीत मुरलेली आहेत. तू माझ्या शेजारी ये.

आणि नाहीच सापडला काही, तर ते मला सांगू नका. अंधार पडेपर्यंत तरी सांगू नका.

महादेवा, हाच आमचा नमस्कार.

माईक बंद करा. मंडळी, सावकाश उठा. आंब्याकडच्या कोपऱ्यापासनं सतरंजी गुंडाळायला घ्या. ओढू नका. उचलून घ्या.