आवाज न करणारी बिजागरी

नाही, खुर्चीला भाडं असतं हे मला मान्य आहे, पण तीन दिवसांचं भाडं त्या खुर्चीच्या किमतीपेक्षा जास्त, हे कुठल्या शास्त्रात बसतं सांगा मला! आणि गादी? 'ती वेगळी, साहेब.' म्हणजे नुसत्या सांगाड्यावर बसायचं? बसा ना, कोण नको म्हणतंय!

तुम्हाला सांगतो, प्रदर्शनात स्टॉल टाकणं म्हणजे... जाऊ द्या, तोंडात घाण शब्द येतोय. मी आणि माझा थोरला भाऊ दाराच्या बिजागऱ्या करतो. तीन वर्षं डोकं फोडून मी एक बिजागरी बनवली, जी आवाज करत नाही. अजिबात नाही. तेल नको, ठोकाठोकी नको, दार उघडलं की नुसतं उघडतं. दादा काय म्हणाला? "प्रदर्शनात मांड. एक मोठी ऑर्डर आली तर पुढे चालू, नाहीतर हे खूळ बंद. आपण आपले कड्या-कोयंडे करू." तीन वर्षं राबलो, आणि खूळ!

वहिनी आमचा हिशेब बघतात. त्यांनी बजेट काढलं, चार ओळींचं. जागा, मांडणी, छपाई, जेवणखाण. मला वाटलं, झालं. कसलं झालं! जागा घेतली, पण तिच्यावर गालिचा अंथरल्याशिवाय उभं राहायला बंदी, आणि गालिचा? तो वेगळा. वीज वेगळी. विजेचं बटण त्याहून वेगळं. गाडीतून खोकं उतरवून पन्नास पावलं न्यायचं, म्हटलं मी नेतो, माझं खोकं, माझी पाठ! तर दारावरचा माणूस अर्धे डोळे मिटून म्हणतो, 'आमचाच हमाल लागतो. तो वेगळा.' कचऱ्याची टोपली वेगळी, आणि टोपलीतला कचरा उचलायचा असेल तर... तुम्हीच म्हणा आता! वहिनींचा कागद पाठपोट भरला, त्याला दुसरा जोडला, मग तिसरा, शेवटी त्या लिहायच्याच थांबल्या आणि नुसत्या माझ्याकडे बघायला लागल्या.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तो सजावटवाला. आम्ही त्याला 'कन्सेप्ट'च म्हणायचो, कारण त्याच्या तोंडातून दुसरा शब्द निघायचा नाही. मी मागितलं काय? एक टेबल आणि चौकटीत बसवलेलं एक दार. त्यानं मान तिरकी केली, बोटांची चौकट करून माझ्याकडे असं बघितलं की मीच विकायला ठेवलोय, आणि म्हणाला, "सर, तुम्ही बिजागरी विकत नाही. तुम्ही शांतता विकताय." झालं, दादा विरघळला! आणि शांतता दाखवायला या महाभागानं काय उभारलं? धबधबा! आतून निळे दिवे, वरून पाणी, दिवसभर खळखळ, खळखळ... आणि पाणी? अहो, ते वेगळंच!

आता आमची अक्कल बघा. सहा आठवडे चार चार शहाणी माणसं आराखड्यावर डोकी घालून बसली होती, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आवाज होत नाही हे दाखवायला मुळात शांत जागा लागते! डावीकडे भिंतीला भोकं पाडायच्या यंत्रांचा स्टॉल, उजवीकडे भोंगे विकणारा, मध्ये आमचा धबधबा. मी दार उघडायचो आणि गिऱ्हाइकाच्या कानात ओरडायचो, 'आवाज येतोय का?' तो म्हणायचा, 'हो, फारच येतोय!' दोन दिवस घसा फुटेपर्यंत मी शांतता विकली. एक ऑर्डर नाही. दादानं कड्यांसाठी पत्रा सांगूनही टाकला, माझ्या देखत. असा संताप आला, काय सांगू!

तिसऱ्या दिवशी रुग्णालयांसाठी खरेदी करणारे साहेब आले. हाच माणूस हवा होता मला! बिजागरीला कान लावला, धबधब्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या पाडल्या आणि गडबडीनं निघूनच गेले. म्हटलं, संपलं. पण पाय काही ऐकेनात, खिशात बिजागऱ्यांची जोडी आणि पेचकस होता, मी मागे धावलो. साहेब शिरले स्वच्छतागृहात. मीही शिरलो. लाज? ती मी गालिच्याच्या भाड्यातच घालवली होती.

काय तो वास, काय ती ओली फरशी! आणि तिथलं दार, कर्रर्र! साहेब हात धुताना म्हणाले, "आमच्या वॉर्डात रात्रभर हेच चालतं. पेशंट झोपत नाहीत." मी गुडघ्यावर बसलो, त्या घाणीत, दार उतरवलं, माझी जोडी बसवली. साहेबांनी दार उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. नळ तेवढा ठिबकत होता. दहा-बारा वेळा केलं असेल, मग म्हणाले, "चार रुग्णालयं आहेत. सगळी दारं बदलू." मला रडूच आलं हो, मोरीजवळ उभा राहून रडलो.

कळलं ना? लाखभराच्या स्टॉलवर काही नाही, आणि फुकटच्या संडासात ऑर्डर!

जाता जाता साहेब हसून म्हणाले, "तुमच्या त्या धबधब्याच्या आवाजानंच मला इकडे पळावं लागलं."

आणि मी गाढव, हे दादाला जसंच्या तसं सांगून बसलो. बिजागरी राहिली बाजूला... दादानं पुढच्या वर्षासाठी दोन धबधबे सांगितलेत.