मास्तरांचा अंगठा

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक शिंपीमास्तर अंगठ्याचे टाके काढायला आले होते. सोबत विज्ञान शिकवणारी पुतणी.

"कात्री धरता येईल ना गं?"

"येईल, काका. पेशींनी नवी कातडी विणलीय."

"मापं कुठून आणली त्यांनी?"

"जवळपास प्रत्येक पेशीत मापांचा मूळ कागद असतो, डीएनए. त्यातला हवा तेवढा भाग उतरवून घेतात. ती नक्कल वाचत, तीन अक्षरांमागे अमिनो आम्लाचा एक मणी ओवत प्रथिनं बनवतात."

"आणि मूळ कागद?"

"जागचा हलत नाही."

"शहाणे आहेत. मी एकदा कारागिराला मापांचा मूळ कागदच दिला, त्याने कापडाबरोबर तोही कापला."

"तुम्ही झोपलात तरी त्यांचं काम चालूच."

"आणि मी दहा दिवस कुरकुरतोय, अंगठा नुसता बसून आहे म्हणून."