ओसाडीचं अक्षर

डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टरनं एका आजींच्या डोळ्यांत थेंब घातले आणि ती मागच्या कपाटाशी वळली. आजींशेजारी त्यांचे यजमान मोबाईलवर बोट फिरवत बसले होते. पाठमोरी असली तरी सिस्टरचे कान तिकडेच होते.

“अगं, हे बघ, आजचं चिनी अक्षर!”

“डोळ्यांत औषध घातलंय माझ्या.”

“बरं, ऐक मग. वर गवत, त्याखाली नाहीसं होणं, तळाशी वाहतं पाणी. मिळून काय झालं, ओळख.”

“तुम्हीच सांगा.”

“ओसाड! कुणी ढुंकून बघितलं नाही म्हणून रान माजलेली जमीन. हेळसांडसुद्धा म्हणता येईल.”

“हेळसांडीला वेगळं अक्षर?”

“तेच तर! किती बारीक लक्ष असतं बघ त्या लोकांचं.”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत?”

“उशीर झाला, असं काहीतरी.”

“वर्षभर आधी आणायला हवं होतं म्हणाले. वर्षभर मी कानीकपाळी ओरडतेय, पातेल्याचा काठ दिसत नाही, हात भाजतो म्हणून.”

“नीट बसून सांगायचंस ना. तू आपली भाजी ढवळता ढवळता बोलणार.”

“कोणता डोळा गेलाय माझा?”

मोबाईलवरचं बोट थांबलं.

“उजवा ना?”

आतून हाक आली, तशी सिस्टर पुढे झाली.

“चला आजी. सोबत कोण येतंय?”

“मी आहे ना,” म्हणत यजमान उठले.

“तुम्ही बसा. सिस्टर, तूच धर गं मला. डावीकडून धर, तिकडचं काही दिसत नाही.”